एकच किडनी असलेल्या मुलांनी मैदानावर उतरताना

माझ्या मुलीला जन्मापासून एकच किडनी आहे, डावी. ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या फुटबॉल संघात तिची निवड झाली. आरोग्याच्या फॉर्मवर मी एका किडनीची गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली आणि दुसऱ्या दिवशी यादीतून तिचं नाव गायब झालं. कुणी फोन केला नाही, डॉक्टरांचं मत मागितलं नाही. विचारायला गेले तेव्हा एवढंच ऐकायला मिळालं, "उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" त्या संध्याकाळी ती बूट न काढताच झोपली.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. किडनीच्या डॉक्टरांशी बोलले, वाचलं, मैदानाच्या कडेला उभी राहून शेकडो टकरी पाहिल्या. ज्यांच्या घरी असंच मूल आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खेळाच्या नावावरून निर्णय घेऊ नका. मार किडनीपर्यंत कसा पोहोचतो ते पाहून घ्या, हे मला सांगायचं आहे.

भीती किती खरी आहे?

जन्मतः एकच किडनी असणं हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. साधारण दोन हजार बाळांमागे एकाला अशी एकच किडनी असते. काहींची एक किडनी गर्भातच गाठीगाठींची होऊन निकामी होते, काहींची गाठीमुळे किंवा अपघातामुळे काढावी लागते. उरलेली किडनी मग आकारानं वाढते आणि बरंचसं काम स्वतःवर घेते.

अमेरिकेतल्या शालेय खेळाडूंच्या १९९५ ते १९९७ या काळातल्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तेवीस हजारांहून जास्त दुखापतींमध्ये किडनीच्या दुखापती होत्या फक्त १८, आणि त्यातल्या एकीलाही शस्त्रक्रिया लागली नाही. त्याच नोंदींत गुडघ्याच्या दुखापती तीन हजारांवर होत्या आणि डोकं, मान, कणा यांच्या दोन हजारांवर. डोकं तर प्रत्येकाला एकच असतं, तरी आपण दोन किडन्यांच्या मुलाला फुटबॉल खेळू देतो.

पण या आकड्यांनी गाफील राहू नका. शक्यता कमी असली तरी किंमत मोठी आहे. दोन किडन्या असलेल्या मुलाची एक गेली तर तो पुढे बऱ्यापैकी नेहमीसारखा जगतो. आपल्या मुलाची गेली तर डायलिसिस आणि प्रत्यारोपण समोर उभं राहतं. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००८ च्या मार्गदर्शनात सरसकट 'नाही' म्हटलं नाही आणि सरसकट 'हो'ही म्हटलं नाही. टक्कर होणाऱ्या खेळांसाठी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार करा आणि योग्य संरक्षक साधन जागेवर टिकत असेल तर बहुतेक खेळ खेळता येऊ शकतात, असं त्यात म्हटलं आहे.

पहिली पायरी: ही किडनी नेमकी कशी आहे?

'एक किडनी आहे' एवढ्या माहितीवर काहीच ठरत नाही. ताजी सोनोग्राफी, बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते ज्यावरून कळतं तो घटक) आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि स्पष्ट विचारा. किडनी नेहमीच्या जागी आहे की खाली ओटीपोटात? तिला सूज आहे का? लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते का? बीपी वयाच्या मानानं ठीक आहे का?

हे प्रश्न उगाच नाहीत. जन्मतः एक किडनी नसलेल्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाच्या उरलेल्या किडनीत किंवा मूत्रमार्गातही काही ना काही दोष सापडतो. लघवी अडून फुगलेली किडनी कमी जोराच्या फटक्यानंही फाटू शकते. जागा सोडून ओटीपोटात असलेल्या किडनीला बरगड्यांचा आडोसाच नसतो. प्रत्यारोपण केलेली किडनीही बहुधा पोटाच्या खालच्या भागात पुढच्या बाजूला बसवतात, म्हणजे तिथे कंबरेचा पट्टा किंवा पाठीचा गार्ड घालून उपयोग नाही. अशा मुलांच्या बाबतीत प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा शब्द शेवटचा मानावा.

नेहमीच्या जागची किडनी पाठीच्या बाजूला, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला असते. मोठ्या माणसात तिच्याभोवती चरबीची गादी आणि पाठीचे जाड स्नायू असतात. मुलांमध्ये किडनी शरीराच्या मानानं मोठी, चरबी कमी, स्नायू पातळ आणि बरगड्या लवचीक असतात. त्यामुळे बरगडी न मोडताही मार आत पोहोचतो. सहा वर्षांच्या आणि सतरा वर्षांच्या मुलासाठी एकच नियम लावता येत नाही तो यामुळेच.

दुसरी पायरी: खेळाकडे पाहण्याचा चष्मा बदला

किडनीला मार तीन प्रकारे लागतो. पहिला, थेट फटका: गुडघा, कोपर, टाच, चेंडू, स्टिक, सायकलचं हँडल. दुसरा, चेंगरणं: मूल खाली पडतं आणि त्याच्यावर दुसरा कोसळतो. तिसरा सगळ्यात फसवा असतो. उंचावरून पडल्यावर किंवा वेगात असताना एकदम थांबल्यावर शरीर थांबतं, पण आतली किडनी हलते आणि तिच्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. त्यात बाहेर वळसुद्धा उमटत नाही आणि कुठलाही गार्ड कामाला येत नाही.

आता कुठल्याही खेळाला हे प्रश्न विचारा. मारणं हाच खेळाचा भाग आहे की टक्कर चुकून होते? अंगावर कोसळणं किती वेळा होतं? वेग आणि उंची किती? मैदानात कठीण वस्तू कोणत्या?

बॉक्सिंग, किकबॉक्सिंग आणि मिश्र मार्शल आर्ट यांना माझ्या मते स्वच्छ नकार द्यावा. बॉक्सिंगमध्ये किडनीवर ठोसा मारणं नियमबाह्य आहे, पण फाऊल दिल्यानं लागलेला मार परत जात नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ साली सगळ्याच मुलांच्या बॉक्सिंगला ठाम विरोध केला आहे. दोन किडन्या असलेली मुलंही त्यात आली.

रग्बी, अमेरिकन फुटबॉल आणि आइस हॉकीत समोरच्याला अंगानं अडवणं हाच डाव असतो. कबड्डीही त्याच पंक्तीतली. चढाई करणाऱ्याला तीन-चार जण धरतात, तो खाली जातो आणि ढीग त्याच्यावर. कुस्ती आणि ज्यूदोत पाठीवर आपटणं हाच उद्देश असतो. इथे डॉक्टरांची मतं वेगवेगळी मिळतील आणि ते स्वाभाविक आहे. किडनीत सूज असेल, जागा वेगळी असेल किंवा काम मंदावलेलं असेल तर मी हे खेळ सोडून द्यायला सांगेन. किडनी उत्तम असेल आणि मुलाचा जीव त्याच खेळात असेल, तर वजनगट, समोरच्याचं वय, मॅटची जाडी, पडण्याचं तंत्र हे सगळं पाहून डॉक्टरांसोबत ठरवा.

फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, हॉकी यांत टक्कर होते, पण ती हेतू नसते. निरोगी एका किडनीच्या बहुतेक मुलांना हे खेळ खेळता येतात. तरी संघातली जागा विचारात घ्या. फुटबॉलमध्ये उंच चेंडूसाठी हात वर करून उडी मारणाऱ्या गोलकीपरची कूस पूर्ण उघडी असते आणि समोरच्याचा गुडघा नेमका तिथेच येतो. माझी मुलगी बाजूच्या फळीत खेळते, गोलात उभी राहत नाही. ही तडजोड तिनं स्वतः सुचवली.

क्रिकेटचं एक गणित बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उजव्या हातानं फलंदाजी करणाऱ्याची डावी कूस गोलंदाजाकडे असते. म्हणजे ज्याची डावी किडनी शिल्लक आहे त्याची किडनी चेंडूच्या वाटेवर आणि ज्याची उजवी आहे त्याची आड. मुलाची कुठली किडनी आहे ते आठवा, त्याची उभं राहण्याची पद्धत पाहा आणि संरक्षण त्या बाजूला वाढवा. बॅटजवळचं क्षेत्ररक्षण टाळलेलं बरं.

घोडेस्वारी, बर्फावरचं स्कीइंग, डोंगरउतारावरची सायकल, स्केटबोर्ड यांना कुणी 'टकरीचे खेळ' म्हणत नाही, पण तिसऱ्या प्रकारचा मार इथेच लागतो. पोहणं, धावणं, बॅडमिंटन, टेबल टेनिस, टेनिस, तिरंदाजी, नृत्य यांना या कारणासाठी अडवायची काहीच गरज नाही.

मुलांना उदाहरणं हवी असतात. लांब उडीत २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या अंजू बॉबी जॉर्ज यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितलं की आपण एका किडनीवर तिथवर पोहोचलो. क्रोएशियाचा फुटबॉलपटू इव्हान क्लासनिच २००७ मध्ये किडनी प्रत्यारोपण झाल्यावर २००८ च्या युरो स्पर्धेत खेळला आणि त्यानं गोलही केले. बास्केटबॉलपटू अलोन्झो मोर्निंग प्रत्यारोपणानंतर मैदानात परतला आणि अमेरिकेतल्या एनबीए स्पर्धेच्या २००६ च्या विजेत्या संघात होता. त्यांच्यामागे डॉक्टरांची फौज होती, हेही मुलाला सांगा.

तिसरी पायरी: कागद तयार ठेवा

तोंडी परवानगीवर कुणी जबाबदारी घेत नाही, हे मी अनुभवानं सांगते. डॉक्टरांकडून एक पानी पत्र घ्या. त्यात चार गोष्टी असाव्यात: कुठली किडनी शिल्लक आहे, कोणता खेळ आणि कोणत्या अटींवर चालेल, मार लागल्यास काय करायचं, आणि पत्राची मुदत. दर हंगामाला ते नवं करा. एक प्रत शाळेत, एक कोचकडे, एक मुलाच्या किटमध्ये. मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहितीत 'एकच किडनी, डावी' किंवा 'उजवी' असं लिहून ठेवा. मनगटाला वैद्यकीय माहितीचा पट्टा घालायला मूल तयार असेल तर उत्तमच.

कोचशी बोलताना घाबरवून सोडू नका आणि लपवूही नका. ज्या सरांनी शेवटी माझ्या मुलीला संघात घेतलं त्यांनी विचारलेला प्रश्न फार साधा होता, "मी काय बघायचं आणि काय करायचं?" त्याचं उत्तर अर्ध्या पानात देता आलं की बहुतेक दारं उघडतात.

चौथी पायरी: गार्ड घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका

किडनी गार्ड म्हणजे कूस आणि पाठीचा खालचा भाग झाकणारा फोमचा, कधी वरून कडक कवच असलेला पट्टा किंवा बनियन. थेट फटक्याचा जोर तो पसरवतो. चेंगरण्यावर थोडाफार उपयोग होतो, अचानक थांबण्याच्या मारावर नाही. गार्ड घातल्यानं किडनीच्या दुखापती टळतात असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. तरीही मी तो घालायला लावते, कारण घालून नुकसान काही नाही. अट एकच: गार्ड आहे म्हणून मूल जास्त धसमुसळं खेळायला लागता कामा नये.

घेताना मुलाला घालून पाहा. हात डोक्यावर नेऊन उड्या मारायला लावा, खाली बसवा, धावू द्या. गार्ड वर सरकून बरगड्यांवर चढला तर तो शोभेचा. शेवटच्या बरगड्यांपासून कंबरेच्या हाडापर्यंतचा भाग झाकला गेला पाहिजे आणि पाठीकडे तो पुरेसा वळला पाहिजे. क्रिकेटचा चेस्ट गार्ड छाती झाकतो, कूस उघडीच राहते. तायक्वांदोचं चिलखत पुढून आणि बाजूनं झाकतं, पाठ उघडी राहते. मूल वाढतं, त्यामुळे दर हंगामाला माप पुन्हा घ्या. फुटबॉलच्या नियमांत मऊ, हलक्या आणि कुणाला इजा न करणाऱ्या संरक्षक साधनांना परवानगी आहे. तरी सामन्याआधी पंचांना दाखवा. कडक कवचाचे गार्ड काही खेळांत चालत नाहीत.

सायकलबद्दल

हे मी मुद्दाम वेगळं लिहिते. खेळताना मुलांच्या किडनीला होणाऱ्या दुखापतींत सायकलचा वाटा सगळ्यात मोठा आहे, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. फुटबॉलला नाही म्हणणारे पालक त्याच मुलाला ढिल्या ब्रेकच्या, मापापेक्षा मोठ्या सायकलवर पाठवतात, आणि मीही त्यांच्यातलीच होते.

अगदी हळू पडतानाही हँडल वळतं आणि त्याचं टोक पोटात किंवा कुशीत घुसतं. सगळा जोर त्या छोट्या गोल टोकावर येतो. म्हणून हँडलच्या टोकांवरचं रबर फाटलेलं असेल तर आजच बदला. उघडी धातूची नळी घातक असते. सायकल मापाची हवी, म्हणजे सीटवर बसून पाय जमिनीला टेकले पाहिजेत. हेल्मेट लागतंच. उतारावर शर्यत नको. आणि वाहनात बसल्यावर सीटबेल्ट, प्रत्येक वेळी, कारण किडनीला गंभीर इजा खेळापेक्षा रस्त्यावरच्या अपघातांत जास्त होते.

पाणी आणि गोळ्या

घामानं पाणी कमी झालं की किडनीचा रक्तपुरवठा घटतो. त्यातच अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर तो आणखी कमी होतो. दोन्ही एकत्र आलं तर धडधाकट किडनीलाही झटका बसू शकतो. या गोळ्या मैदानावर सर्रास वाटल्या जातात, म्हणून मुलाला नावानिशी सांगून ठेवा. दुखणं असेल तर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल, तेही विचारून.

सरावाआधी, मध्ये आणि नंतर थोडं थोडं पाणी प्यायला लावा. लघवी फिकट पिवळी असली की बहुधा पुरेसं झालं. उलट्या, जुलाब किंवा ताप असेल त्या दिवशी सराव नाही. बीपीसाठी किंवा लघवीतून जाणारी प्रथिनं कमी करण्यासाठी औषध चालू असेल, तर अशा दिवशी ते घ्यायचं की थांबवायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

जिममध्ये जाणारी मुलं क्रिएटिन आणि प्रोटीन पावडरबद्दल विचारतात. क्रिएटिनमुळे रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसू शकतो आणि मग किडनी खरंच बिघडली आहे का हे कळणं अवघड होतं. डॉक्टरांच्या होकाराशिवाय काही सुरू करू नये.

मार लागलाच तर

हा भाग मुलानं आणि कोचनं पाठ करावा.

कुशीत, पाठीच्या खालच्या भागात किंवा पोटात जोराचा मुका मार लागला की खेळ लगेच थांबवायचा. 'दोन मिनिटं बस, मग जा' हे चालणार नाही. आडवं झोपवा. चोळू नका, शेकू नका, वर सांगितलेल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. तपासणी होईपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, कारण शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

मार जोराचा असेल, दुखणं वाढत असेल, कुशीवर वळ किंवा सूज असेल, उलटी होत असेल, चक्कर येत असेल, अंग पांढरं पडून घामेजत असेल किंवा लघवी लाल, गुलाबी वा काळपट तपकिरी होत असेल, तर थेट आपत्कालीन विभागात न्या. यात दोन गोष्टी फसवतात. लघवीत रक्त दिसलं नाही म्हणजे किडनी सुखरूप असं नाही. रक्तवाहिनीला गंभीर इजा होऊनही लघवी स्वच्छ असू शकते. आणि मुलांचं बीपी रक्तस्राव होत असतानाही बराच वेळ टिकून राहतं. नाडी जलद होणं आणि चेहरा फिका पडणं ही आधीची खूण आहे. बीपी नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवत असतील तर शांतपणे पण ठामपणे पुन्हा तपासायला सांगा.

दारातून आत जातानाच म्हणा, "याला एकच किडनी आहे, त्याच बाजूला मार लागला आहे." सोनोग्राफीत काही इजा सुटू शकतात, त्यामुळे गंभीर शंका असेल तर कॉन्ट्रास्ट (आतले अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून दिलं जाणारं द्रव्य) देऊन सीटी स्कॅन करतात. कॉन्ट्रास्टचा किडनीवर परिणाम होईल या भीतीनं आईवडील अडून बसतात, पण जीव आणि किडनी वाचवायची असेल तर हा स्कॅन लांबवू नये. किडनीच्या बहुतेक जखमा झोपून विश्रांती, निरीक्षण आणि वारंवार तपासण्यांनी भरतात, चाकूची गरज पडत नाही. खेळायला परत कधी, हे इजा किती त्यावर ठरतं: हलक्या इजेत काही आठवडे, मोठ्या इजेत कित्येक महिने. दुखणं गेलं म्हणजे आतलं भरलं असं नसतं.

वर्षातून एकदा

मैदानावरच्या धोक्याचा आपण धसका घेतो, पण एका किडनीला झिजवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा मुकाट्यानं येतात: वाढलेलं बीपी आणि लघवीतून जाणारी प्रथिनं. दोन्ही दुखत नाहीत, म्हणून डॉक्टर सांगतील तशी, बहुधा वर्षातून एकदा, तपासणी चुकवू नका. बीपी मोजताना पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्ट्यानं आकडा उगाच वाढीव येतो. लघवीचा नमुना सामन्याच्या दुसऱ्या दिवशी देऊ नका. कठीण व्यायामानंतर एक-दोन दिवस लघवीत प्रथिनं आणि थोडं रक्तही दिसू शकतं आणि घरात विनाकारण रडारड होते. दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन नमुना द्या. मात्र रंग डोळ्यांना लाल दिसत असेल तर व्यायामाचं कारण सांगून वाट बघू नका.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सगळं त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. मार लागला ते लपवण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे 'आई खेळ बंद करेल' ही भीती. म्हणून आमच्या घरात करार आहे: सांगितल्याबद्दल खेळ कधीच बंद होणार नाही. गेल्या वर्षी एका सामन्यात तिला कुशीत कोपर लागलं. ती स्वतः हात वर करून बाहेर आली, सरांना म्हणाली, "डावीकडे लागलंय, माझी तीच आहे." तपासणीत काही निघालं नाही. आठवड्यानं डॉक्टरांनी होकार दिला आणि तिनं गार्डचा पट्टा एक भोक आत घट्ट करून घेतला.